ळ, ल आणि सव्वादोन नॅनोसेकंद

आमच्या घरात ‘स्टिक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बाबांची स्टिक लोखंडी, डाव्या तळहातावर बसणारी. तिच्यात एकेक खिळा रचून ते ओळ तयार करत. माझी स्टिक म्हणजे रॅमची पट्टी. बाबांनी ३१ वर्षं शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिंग केलं. तो बंद पडायच्या सुमारास मी डीटीपी शिकले. आधी पेजमेकर आणि श्रीलिपी, मग इनडिझाइन आणि युनिकोड. दोन खोल्यांच्या घरात आतली खोली कामाची. दाराशेजारच्या खुर्चीत बसून बाबा पेपर वाचल्यासारखं करतात आणि माझ्या पडद्यावर लक्ष ठेवतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की खाकरतात.

२०१८च्या दिवाळी अंकांचा हंगाम होता. दिवाळी नोव्हेंबरात, म्हणजे लक्ष्मीपूजन ७ तारखेला, तेव्हा हाताशी जरा जास्त दिवस होते. अक्षय्य तृतीयेला नवं मशीन घेतलं होतं. त्यात ८ जीबीची एकच पट्टी होती, साधी हिरवी, बिनपांघरुणाची. जाहिराती आणि पत्रिका यांना ती पुरली. पण गणपतीत २४० पानांचा अंक हातात आला. लेखकांच्या वर्ड फायली, चित्रकाराने पाठवलेली अवाढव्य चित्रं, शिवाय संपादकांची अखंड चालू असलेली ईमेल. पान उलटायला मशीन इतका वेळ घ्यायला लागलं की मध्ये पोळी उलटून यावी.

रॅम वाढवायची ठरवली. त्या वर्षी रॅम महाग होती. दोन-अडीच वर्षांपूर्वी ज्या पैशांत दोन पट्ट्या आल्या असत्या त्यात आता एक येत होती. त्यामुळे जुनी काढून सारख्याच दोन नव्या घालायच्या, हा विचारही मनात आला नाही. असलेली ठेवायची, शेजारी एक आणायची. कोणत्याही घरात असंच ठरलं असतं.

विसर्जनाची मिरवणूक संपून पेठेतले रस्ते मोकळे झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन पिशवीत घालून रिक्षाने बुधवार पेठेत गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्या माणसांनी फसवलं नाही, हेही सांगायला हवं. माझ्यासारखी पट्टी त्यांच्याकडे त्या दिवशी नव्हती. काउंटरवरच्या पोराने लाल धातूचं जाकीट घातलेली एक पट्टी पुढे केली. ‘‘मॅडम, ही गेमिंगची आहे. ३२००ची. तुमची २६६६ आहे. ही त्याच्यापेक्षा भारी.’’

‘‘पण दोघी चालतील का एकत्र?’’

‘‘चालतात की. दोन्ही डीडीआर४च आहेत. खाच जुळते.’’

खाच खरोखरच जुळली. पट्टी कट्‌ आवाज करून बसली. मशीन चालू झालं, १६ जीबी दिसले, आणि तो पोरगा बायोसमध्ये जाऊन म्हणाला, ‘‘थांबा, एक्सएमपी ऑन करून देतो, स्पीड फुकट मिळेल.’’ फुकट म्हटल्यावर मी कशाला नको म्हणू?

पहिले चार दिवस सुखाचे गेले. मग ब्राउझरचं एखादं पान आपोआप मिटायला लागलं. त्याकडे कोण लक्ष देतं. एक दिवस संपादकांनी पाठवलेली झिप फाइल उघडेना. तीच फाइल पुन्हा उतरवून घेतली तर उघडली. मला वाटलं इंटरनेटचा दोष. मग इनडिझाइन काही न बोलता बंद पडू लागलं. आणि घटस्थापनेच्या आसपास निळा पडदा आला. विंडोजचा तो रडका चेहरा. एकदा त्याच्याखाली ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं लिहिलेलं, दुसऱ्यांदा भलतंच काहीतरी, तिसऱ्यांदा आणखी वेगळं. दर वेळी वेगळं कारण सांगणारा माणूस जसा संशयास्पद वाटतो, तसं ते मशीन मला वाटायला लागलं.

त्या वर्षी पाऊस लवकर आटपला होता आणि ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं. आमची खोली पश्चिमेची. निळा पडदा बहुतेक दुपारी दोन ते पाचमध्ये यायचा. मी यूपीएस बदलला. अँटिव्हायरस काढला, पुन्हा घातला. एक-एक फॉन्ट संशयावरून हाकलला. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासून दोनशे रुपये नेले. मशीनचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, तर पडदा चारऐवजी दोनदा आला. म्हणजे उष्णतेशी काहीतरी नातं होतं, एवढंच कळलं. रॅमवर संशय का आला नाही? नवीन होती म्हणून. नव्या वस्तूवर आपण सगळ्यात शेवटी संशय घेतो.

मशीन बंद पडतं, पुन्हा चालू होतं, दहा मिनिटं जातात. त्याचं दुःख मी गिळलं असतं. पण शनिवारी, १३ तारखेला, संपादकांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू. ते चिडले की हळू बोलतात.

‘‘ताई, दुष्काळावरचा लेख. लेखकांना पीडीएफ पाठवली होती. ते विचारतायत, माझं वाक्य कुणी बदललं?’’

लेखकाने लिहिलं होतं, ‘दुष्काळाचे साल आठवले की’. पानावर आलं होतं, ‘दुष्काळाचे हाल आठवले की’. गंमत अशी की वाक्य कुठेच अडखळत नव्हतं. उलट जरा जास्तच बरं झालं होतं. म्हणूनच लेखक भडकले होते. चूक झाली असती तर त्यांनी माफ केलं असतं, ही सुधारणा होती.

आमचे मुद्रितशोधक काका निवृत्त शिक्षक. ते सगळी प्रुफं गाठोडं बांधून ठेवतात. रात्री ते दुसऱ्या प्रुफाचे कागद घेऊन आले आणि आम्ही दोघं शेवटच्या पीडीएफशी ताडून बघत बसलो. दुसऱ्या प्रुफात ‘साल’ होतं, स्वच्छ. त्या परिच्छेदात लाल शाईची एकही खूण नव्हती, म्हणजे दुरुस्तीला मी तिथे गेलेच नव्हते. रात्री साडेअकराला काकांना एका कवितेत दुसरं सापडलं. ‘काळ’चा ‘काल’ झाला होता. तिथेही ओळ दोन्ही अर्थांनी उभी राहत होती.

‘‘ताई, राग मानू नका,’’ काका चष्मा पुसत म्हणाले, ‘‘पण दमल्यावर हात घसरतो माणसाचा.’’

राग कसला, मला ते पटलंच. मी इनस्क्रिप्टवर टाइप करते. ल आणि ळ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबली तर ळ, राहिली तर ल. आयुष्यात शेकडो वेळा राहिली असेल. कविता ज्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात, होती तो फर्मा शुक्रवारीच छापून झाला होता, त्यामुळे काल तो कालच राहणार होता. रात्रभर मी माझ्या करंगळीला दोष देत पडले. पहाटे मात्र एक गोष्ट डोक्यात आली आणि मी उठून बसले. ल-ळचं ठीक आहे. पण स आणि ह? स एमच्या कळीवर, ह यूच्या. एक खालच्या ओळीत, एक वरच्या. तिथे करंगळी कशी घसरेल? आणि न उघडलेल्या परिच्छेदात बोट जाईलच कसं?

रविवारी भाचा आला. हिंजवडीत नोकरी करतो, आणि नवरात्रात मावशीकडे धपाटे खायला येण्याची त्याची जुनी सवय. त्याने निळ्या पडद्यांच्या तारखा विचारल्या, झाकण काढलेल्या मशीनकडे पाहिलं, हिरव्या पट्टीशेजारची लाल पट्टी पाहिली आणि नुसता ‘‘अगं मावशी’’ म्हणाला.

मग मशीन बंद करून, पुन्हा चालू करून तो बायोसमध्ये शिरला. तिथे चार आकडे होते: १६-१८-१८-३८. ‘‘हे हिचे,’’ लाल पट्टीकडे बोट दाखवत तो म्हणाला. ‘‘तिचे नाहीत.’’ हिरवीचे तिच्या चिठ्ठीवरच छापलेले होते: २६६६, सीएल १९. पूर्ण लिहायचं तर १९-१९-१९-४३.

बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘‘कसले आकडे?’’

भाच्याने जे सांगितलं ते मी आमच्या घरच्या भाषेत सांगते, कारण बाबांना सांगताना त्याने तीच वापरली. रॅम म्हणजे खिळ्यांच्या केसा. एकाखाली एक ओळी, ओळीत खणच खण, आणि प्रत्येक खणात अक्षराऐवजी चिमूटभर वीज: आहे किंवा नाही. हवा तो खण थेट उचलता येत नाही. आधी ती अख्खी ओळ बाहेर ओढावी लागते, ती स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं. मग त्यातला खण सांगायचा आणि मजकूर हातात येईपर्यंत पुन्हा थांबायचं. काम झालं की ओळ आत सारायची, त्यालाही वेळ. आणि ओढलेली ओळ किमान अमुक वेळ बाहेर राहिलीच पाहिजे. हे चार थांबे म्हणजे ते चार आकडे. पहिला, ज्याला सीएल म्हणतात, तो खण सांगितल्यापासून मजकूर हातात येईपर्यंतचा; मग ओळ स्थिरावण्याचा; मग ओळ आत सारण्याचा; आणि शेवटचा मोठा, ओळ बाहेर राहण्याचा. मोजायचे ठोक्यांत. २६६६च्या रॅमचा एक ठोका पाऊण नॅनोसेकंदाचा.

एका ट्रान्झिस्टरशेजारी एक इवलासा कपॅसिटर ठेवून त्यात एक बिट साठवायची ही युक्ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट १९६८चं. कपॅसिटर गळका असतो. त्यातली वीज ओसरत जाते आणि उष्णतेत जास्त वेगाने ओसरते, म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी वाचून पुन्हा भरावी लागते. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. माझी फाइल पडद्यावर शांत उघडी असते तेव्हा खाली ही पाणी भरण्याची धावपळ चाललेली असते, हे ऐकून मला जरा दमल्यासारखंच झालं.

आता घोळ काय झाला ते. हिरव्या पट्टीला खण सांगितल्यावर १९ ठोके हवेत. १९ गुणिले पाऊण, सव्वाचौदा नॅनोसेकंद. लाल पट्टीला १६ पुरतात, म्हणजे १२. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर मात्र आमच्या मशीनमध्ये दोघींना एकाच ठेक्यावर हाकत होता, आणि ठेका लाल पट्टीचा होता. हिरवी बिचारी ओळ ओढून धाप टाकतेय तोवर ‘दे’ म्हणून हात पुढे यायचा. बहुतेक वेळा ती द्यायची. या पट्ट्या छापील आकड्यापेक्षा थोड्या चपळच असतात. दुपारी खोली तापली की मात्र तिला जमेनासं व्हायचं, आणि ती रिकामा खण भरलेला म्हणून, किंवा भरलेला रिकामा म्हणून देऊन मोकळी व्हायची. कमी पडत होते सव्वादोन नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सव्वादोन फूट जातो. माझ्या टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतही नाही.

‘‘म्हणजे दोन फाउंड्र्यांचा टाइप,’’ बाबा म्हणाले.

त्यांच्या छापखान्यात एकदा मालकाने स्वस्तात मिळाला म्हणून दुसऱ्या फाउंड्रीचा बारा पॉइंट आणला होता. कागदावर तोही बारा, हाही बारा. केसमध्ये दोन्ही मिसळले. छापायला घेतलं तर एकाच ओळीतली काही अक्षरं काळीकुट्ट, काही पुसट, कारण उंचीत केसाएवढा फरक. बसक्या खिळ्यांखाली कागदाचे कपटे चिकटवत दोन दिवस गेले. बाबा सांगत होते, त्यात एकही खिळा खराब नव्हता. वेगळे छापले असते तर दोन्ही उत्तम उठले असते. नंतर सगळ्या केसा उपसून खिळे निवडायला त्यांना आणि आणखी दोघांना आठवडा लागला. त्याचा राग अजून आहे. मालकाचं नाव घेतलं की अजून ओठ मुडपतात.

मी भाच्याला विचारलं, की दुकानातला पोरगा तर म्हणाला होता, दोन्ही चालतात. तो खोटं बोलला का? नाही, म्हणे. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, एसपीडी म्हणतात, तिच्यात त्या पट्टीचं वेळापत्रक लिहिलेलं असतं. मशीन सुरू होताना बायोस ते वाचतं, आणि हात लावला नाही तर दोघींना झेपेल असं, सावकाश चालणारीच्या चालीने बेतलेलं वेळापत्रक लावतं. वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र चालतात त्या यामुळेच, आणि बऱ्याचदा वर्षानुवर्षं सुखाने चालतात. भानगड एक्सएमपीने केली. एक्सएमपी हे पट्टीवर साठवलेलं दुसरं वेळापत्रक, प्रमाणापेक्षा वेगवान, थोडा जास्त दाब देऊन चालवायचं: नेहमीच्या १.२ व्होल्टऐवजी १.३५. हिरवीजवळ असलं काही नव्हतंच. बटण दाबल्यावर मदरबोर्डाने लालचं घेतलं आणि दोघींना लावलं. त्यातही आमच्या बोर्डाला २६६६च्या वर जाता येत नव्हतं. त्याने वेग उतरवून २६६६ केला, आकडे मात्र ३२००चे तसेच ठेवले. वेग ३२०० राहिला असता तर हिरवीने कदाचित पहिल्याच मिनिटाला मान टाकली असती आणि दुकानातच कळलं असतं. अर्धवट जमण्यामुळे तीन आठवडे गेले.

‘‘आणि लाल पट्टीचं साधं वेळापत्रक बघ,’’ भाचा हसत म्हणाला. २१३३, सीएल १५. म्हणजे एक्सएमपी काढलं तर ही भारी पट्टी माझ्या साध्या पट्टीपेक्षा हळू. ३२०० हा तिचा लग्नाच्या बायोडेटातला फोटो होता.

मग परीक्षा. मेमटेस्ट८६ नावाचा एक प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून त्याच्यावरूनच मशीन सुरू करायचं. विंडोज नाही, काही नाही. तो मेमरीभर ठरावीक नक्षी लिहीत जातो आणि वाचून बघतो. १६ जीबी म्हणजे सुमारे १३,७४४ कोटी बिट. ज्याचं आयुष्य प्रुफं वाचण्यात गेलं त्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. दोन्ही पट्ट्या आणि एक्सएमपी चालू ठेवून दुपारी तीन वाजता लावलं. चाळीस मिनिटांत ६००च्या वर चुका. संध्याकाळी हिरवी एकटी, तिच्या आकड्यांवर: शून्य. रात्री लाल एकटी, एक्सएमपीसकट: शून्य. सोमवारी दोघी एकत्र, एक्सएमपी बंद: शून्य. मी वहीत चार ओळी लिहून ठेवल्या. कागदावर त्या इतक्या निष्पाप दिसतात.

पण रविवारच्या त्या ६०० चुकांकडे भाचा जास्तच वेळ बघत होता. प्रत्येक चुकीपुढे प्रोग्रॅम दाखवतो: काय असायला हवं होतं, काय मिळालं, आणि कोणता बिट उलटला. बहुतेक ओळींत तो एकच होता: ०००१००००.

‘‘मावशी, तुझी चुकलेली अक्षरं सांग.’’

मी सांगितली. त्याने युनिकोडचा तक्ता उघडला. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ळ ०९३३. ल ०९३२. स ०९३८. ह ०९३९. दोन्ही जोड्यांत फरक शेवटच्या एका बिटाचा. आणि सोळा-पायाच्या अंकपद्धतीत लिहिलेला तो ०००१०००० म्हणजे काय, तर विंडोज मेमरीत मजकूर जसा ठेवतं त्या पद्धतीने चार बाइटांत दोन अक्षरं बसतात. त्यातल्या दुसऱ्या अक्षराचा अगदी शेवटचा बिट, तोच हा. बाराखडी सोडून एका नव्याच वर्णमालेत मी शिरले. इथे ब आणि भ सख्खे शेजारी, त आणि थ, द आणि ध, प आणि फ. एक बिट सरकला की ‘दिवाळी’ची ‘दिवाली’ होते, मग हिंदीने वेगळं आक्रमण करायची गरज नाही. आणखी एक बिट वरचा उलटला तर क चा ग होतो, आणि काळाचा गाळ. हे सगळं तक्त्यात आधीपासून होतंच. मला ते कधी बघायची वेळ आली नव्हती.

सगळ्यात घाबरवलं ते अंकांनी. २ आणि ३ शेजारी. ४ आणि ५ शेजारी. ० आणि १ शेजारी. अक्षर बदललं तर वाक्य कुठेतरी ठेचकाळतं आणि काकांच्या नजरेत येतं. आकडा ठेचकाळत नाही. भाच्याने दुसऱ्या प्रुफाच्या वेळची फाइल आणि शेवटची फाइल, दोन्हींतला मजकूर काढून स्वतःच्या लॅपटॉपवर ताडून पाहिला. काकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या वजा जाता तिसरा बदल सापडला तो पाककृतींच्या पानावर. चकलीच्या भाजणीत ‘तिखट २ चमचे’चं ‘३ चमचे’ झालं होतं. ते पान अजून छापायचं होतं, नाहीतर कुणाच्या तरी घरी दिवाळीत पाण्याचे तांबे फिरले असते.

इथे एक कबूल करायला हवं. ल-ळ माझ्या करंगळीचा असू शकतो. २ आणि ३ कीबोर्डवरही शेजारीच आहेत. शपथेवर सांगता येईल असं एकच अक्षर माझ्याकडे आहे, साल-हालमधलं. भाचा तर उलट बाजूने काळजीत होता. मजकूर म्हणजे मेमरीतला चिमूटभर भाग, बाकी सगळी चित्रं. चिमटीत तीन खडे सापडले, तर पोत्यात किती असतील? चित्रात एक बिट उलटला तर आकाशाचा एक ठिपका जरा जास्त निळा होतो, आणि ते कुणालाही कधीही कळत नाही. एका जाहिरातीतल्या फोटोत मात्र मधोमध जांभळा पट्टा आला होता. तो मी पंधरा दिवसांपूर्वी पाठवणाऱ्याचा दोष म्हणून परत पाठवला होता. त्यांना मी अजून फोन केलेला नाही.

सर्व्हरमध्ये अशा चुका पकडणारी रॅम असते, आठ चिपांना जोडीला नववी. तीत ६४ बिटांमागे ८ बिट जादा, आणि एक बिट उलटला तर जागच्या जागी दुरुस्त. बँकेचं मशीन तुमच्या खात्यातला २ चा ३ होऊ देत नाही ते यामुळेही. भाषेची कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मशीनमध्ये नववी चिप नसते. आमची नववी चिप म्हणजे काका, आणि त्यांना मानधन पानामागे मिळतं.

मंगळवारी मी लाल पट्टी घेऊन दुकानात गेले. पोराने ती त्याच्या मशीनमध्ये घातली, पाच मिनिटं चालवली. ‘‘ओके आहे मॅडम.’’ हिरवी घातली. ‘‘हीपण ओके.’’ मी त्याला चार आकडे सांगायला लागले, सव्वाचौदा आणि बारा. मागे तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्याने अत्यंत आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मग एक्सएमपी ऑफ ठेवा ना.’’ यावर काय बोलणार? बरोबरच होतं. फक्त ते तीन आठवडे आधी हवं होतं.

बंदच ठेवलं. दोघी २१३३वर चालू लागल्या, १५-१५-१५-३६. भाचा म्हणत होता की आकडे हाताने भरून, हिरवीच्या चालीने, २६६६वर नेता येईल. रात्रभर तपासून घ्यायचं फक्त. तेव्हा दसरा दोन दिवसांवर होता आणि माझी कशालाही हात लावायची हिंमत नव्हती. २४० पानांची पीडीएफ तयार व्हायला पूर्वीपेक्षा किती जास्त वेळ लागला म्हणता? घड्याळ लावून बघितलं, पंधरा सेकंद. पंधरा सेकंदांसाठी हा सगळा खटाटोप झाला होता. निळा पडदा पुन्हा आला नाही. दुपारी चारच्या उन्हातही नाही. टेबलफॅन मी माझ्याकडे वळवून घेतला.

उरलेले फर्मे नव्याने तयार करून पाठवले, काकांनी आकडेन्‌आकडा बोट ठेवून वाचला. अंक वेळेत निघाला. पुढच्या उन्हाळ्यात हिरवीला तिच्याच नंबराची जोडीदारीण मिळाली आणि लाल पट्टी भाच्याने नेली. त्याच्या बोर्डाला ३२०० चालतं. तिथे ती एकटी, तिच्या सोळा ठोक्यांवर, तक्रार न करता धावते आहे.

राहिला तो छापून गेलेला फर्मा. अंक बाजारात आला त्या दिवसापासून मी कवींच्या फोनची वाट बघत होते. काय सांगायचं तेही ठरवलं होतं. कपॅसिटरपासून सुरुवात करायची की करंगळीपासून, एवढंच ठरत नव्हतं. भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं. मग एक दिवस संपादकांकडून त्यांचं पत्र आलं. सुवाच्य अक्षर, कवितांतल्या मुद्रणदोषांची यादी, पानं आणि ओळींसकट. चार चुका होत्या. दोन अनुस्वार माझे. एक ऱ्हस्व इकार काकांच्या नजरेतून सुटलेला. चौथी त्यांच्याच हस्तलिखितातली निघाली.

त्या यादीत ‘काल’ नव्हता.